गोव्याच्या पावसात गुलाब टिकवायचा, तर तो घरोघरी वाटून ठेवा

गोव्यात गुलाब होत नाही, असे छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक वाड्यावर असतो. त्याचे अर्धे खरे आहे. डिसेंबरात डोळ्यांत भरणारा गुलाब जूनमध्ये पाने गाळू लागतो, जुलैत फांद्यांची टोके काळी पडतात आणि चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची साफसफाई काढेपर्यंत कुंडीत नुसती काटेरी काठी उरते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, हे गुलाबाच्या प्रकृतीला मानवणारे नाही. पण त्याच वाड्यावर एखाद्या जुन्या घराच्या पायरीशी गावठी गुलाब वर्षानुवर्षे फुलत असतो. चौकशी केली की कळते, मूळ झाड केव्हाच गेले. हे तर सुनेने माहेराहून परत आणलेल्या फांदीचे.

म्हणून या लेखात लागवडीइतकीच जागा फांदी देण्याघेण्याला दिली आहे. एका घरात एकच झाड ठेवणे इथे जुगार आहे. तीच जात तीन घरांत असली की एखादा वाईट पावसाळा परवडतो.

कुठली जात घ्यावी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मोठ्या, लांब दांड्याच्या रंगीबेरंगी फुलांची कलमे हमखास भुरळ घालतात. हे हायब्रीड टी गटातले गुलाब. फूल देखणे, पण पावसात सर्वांत आधी आजारी पडणारे तेच. एक-दोन हौसेने घ्या, सगळी बाग त्यांच्यावर उभी करू नका.

नवख्याने सुरुवात करावी ती गावठी गुलाबी, घोसात फुलणारा छोटा बटण गुलाब किंवा दक्षिणेत हारांसाठी लावतात तो एडवर्ड, यांपैकी एकाने. एडवर्ड हा बोर्बोन गटातला. या गटाचा उगम एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर झाला. त्या बेटाचे तेव्हाचे नाव बोर्बोन. उष्ण, दमट हवेचे एडवर्डला वावडे नाही. शिवाय ही तिन्ही झाडे स्वतःच्या मुळांवर चांगली वाढतात, म्हणजे फांदी लावून वाटायला सोयीची. उत्तरेत अत्तर आणि गुलाबपाण्यासाठी लावतात तो चैती गुलाब मात्र मागवू नका. त्याला बहर यायला खरी थंडी लागते, ती आपल्याकडे नाही.

खरेदी ऑक्टोबर-नोव्हेंबरात करावी. मे महिन्यात घेतलेले कलम रुजायच्या आत पाऊस गाठतो. आणि पिशवीतली माती बोटाने दाबून पाहा. बाहेरून येणारी बरीच कलमे चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात बांधलेली असतात. प्रवासात मुळे सुकू नयेत म्हणून ते ठीक आहे, पण तो गोळा तसाच आपल्या जांभ्या मातीत पुरला की पावसात त्याच्या आत पाणी साचते आणि मुळे कुजतात. थंडीच्या दिवसांत गोळा तासभर बादलीत भिजवा, बाहेरची निम्मी माती हलक्या हाताने धुऊन काढा आणि मगच लावा. उन्हाळ्यात हा उद्योग करू नये.

माती आणि खड्डा

आपली तांबडी माती आम्लधर्मी. सामू (pH) अनेक ठिकाणी 5 ते 5.5 भरतो, गुलाबाला 6 ते 6.5 हवा. अशा मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून ठेवतात, त्यामुळे खत घालूनही झाडाला पोचत नाही. खात्री करायची तर कृषी खात्याकडे माती तपासून मिळते. घरगुती उपाय म्हणजे एका खड्ड्याला मूठभर विझवलेला चुना, लागवडीच्या पंधरा-वीस दिवस आधी मातीत मिसळून. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नका. खतातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

तिसऱ्यांचे शिंपले हा आपल्याकडचा फुकटचा चुना. दोन-तीनदा गोड्या पाण्यात धुऊन मीठ काढायचे, उन्हात तापवायचे, कुटून भुगा करायचा. तो हळूहळू विरघळतो, त्यामुळे जास्त झाला तरी लगेच अपाय नाही. अंड्याची टरफलेही त्याच जातीची. हाडांचा चुरा आम्ल मातीत चांगला लागू पडतो, खड्ड्याला 100 ग्रॅम पुरे.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल. खाली चिरा (जांभा दगड) किंवा कातळ लागला, तर खोलीच्या मागे लागू नका. वरून उंचवटा करा. खरे तर गोव्यात गुलाब खड्ड्यात लावण्यापेक्षा उंचवट्यावर लावलेला बरा. चार चिरे चौकोनात रचून, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा नऊ इंच ते फूटभर वर माती भरा. भरणीला दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग पाणी निचरणारे काहीतरी. रेती मिळाली तर नदीची. समुद्राकाठची वाळू मिठामुळे चालत नाही. रेती मिळत नसेल तर गिरणीतून भाताचे तूस आणून ते अर्धवट जाळून वापरा. त्यात पावकिलो निंबोळी किंवा करंजाची पेंड मिसळली की हुमणीला, म्हणजे मुळे खाणाऱ्या अळीला थोडा आळा बसतो.

जागा अशी निवडा की सकाळपासून पाच-सहा तास ऊन मिळेल. सकाळचे ऊन पानांवरचे दव लवकर वाळवते, म्हणून पूर्वेची बाजू पश्चिमेपेक्षा बरी. माडापासून किमान दोन मीटर दूर राहा. त्याच्या मुळांच्या जाळ्यात गुलाबाला काही उरत नाही, वरून झावळी पडते ती वेगळीच. दोन झाडांमध्ये अडीच ते तीन फूट मोकळी जागा सोडा.

कलमाची गाठ, म्हणजे खालच्या खुंटावर वरची जात जिथे जोडली ती जागा, मातीच्या वर दोन इंच राहिली पाहिजे. थंड देशांत ती पुरतात, ते पाहून कुणी पुरू नये. गाठीच्या खालून फुटणारे फुटवे रानटी खुंटाचे असतात. पानाला सात पर्णिका म्हणजे रानटी, असा एक सोपा नियम सांगतात, पण चांगल्या जातीच्या जोमदार फांदीलाही कधीकधी सात येतात. फुटवा कुठून निघाला ते माती सारून पाहा, आणि गाठीखालचा असेल तर कातरीने न कापता मुळापासून ओढून काढा.

कुंडी असेल तर बारा-चौदा इंची, मातीची, आणि तळाचे भोक बोट जाईल एवढे.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे घरात पुरुमेंताची, पावसाळ्याच्या बेगमीची बांधाबांध चालते तेव्हाच, झाडाकडेही पाहून घ्यायचे. मेलेल्या, आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, मधून वारा खेळला पाहिजे. जोरदार छाटणी मात्र या काळात नको. ताज्या जखमेतून बुरशी शिरते आणि टोकाकडून मर सुरू होते. जमिनीवरची सगळी गळकी पाने गोळा करून जाळा. काळ्या ठिपक्यांची बुरशी त्या पानांवरच पुढच्या पावसाची वाट पाहते. उन्हाळ्यात बुंध्याशी घातलेली नारळाची सोडणे आणि पालापाचोळाही आता काढून घ्या.

कुळागर (पोफळीची बाग) असलेल्या घरांना पुढची गोष्ट शिकवायला नको. पोफळीला कोळेरोग लागू नये म्हणून जे बोर्डो मिश्रण फवारतात, तेच गुलाबाला चालते, फक्त निम्म्या ताकदीचे. एक लिटर पाण्याला 5 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 5 ग्रॅम चुना. दोन्ही निम्म्या-निम्म्या पाण्यात प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतत ढवळा. लोखंडाचे भांडे वापरू नका. मिश्रणात स्वच्छ घासलेला खिळा मिनिटभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. थोडा वाढवा, नाहीतर पाने भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी, पुढच्या मधल्या उघडिपींत, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. एवढा खटाटोप नको असेल, तर दुकानात मिळणारे कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला 2.5 ग्रॅम.

कुंड्या वळचणीच्या आत, पण उजेडात सरकवा. पागोळ्यांखाली ठेवलेल्या कुंडीची माती आठवड्यात दगड होते. प्रत्येक कुंडी तीन विटांच्या तुकड्यांवर उचललेली असू द्या. जून-जुलैत खत देऊ नका, ते वाहून जाते आणि वर येणारी कोवळी लुसलुशीत फूट रोगाला आमंत्रण देते. या दोन महिन्यांत झाडाकडून फुलांची अपेक्षाच ठेवू नये. ते जगले तर आपण जिंकलो.

छाटणी

मुख्य छाटणी परतीचा पाऊस ओसरल्यावर. ऑक्टोबरात दुपारी ढग गडगडत असतील तर थांबा. आमच्या भागात साधा हिशेब असा की पहाटे नरकासुर जाळून झाला आणि आभाळ कोरडे राहिले, की कातर काढायची. दिवाळी लवकर आली तर आणखी आठवडाभर धीर धरा.

आधी कातर स्पिरिटने पुसा, आणि प्रत्येक झाडानंतर पुन्हा. घरातल्या बाटलीतल्या फेणीने भागेल का, असे विचारणारे भेटतात. फेणीत मद्यार्क 42.8 टक्के असतो, निर्जंतुक करायला 70 टक्क्यांच्या आसपास हवा. फेणी पाहुण्यांना ठेवा.

काळी पडलेली फांदी वरून थोडी थोडी कापत खाली या आणि दर वेळी कापाकडे पाहा. मधला गाभा तपकिरी दिसतो तोवर रोग आत आहे. आणखी इंचभर खाली. पुन्हा पाहा. गाभा पांढरा, कडेची साल ओलसर हिरवी दिसली की तिथे थांबा. कधीकधी अशी उतरत उतरत कातर थेट बुंध्याशी येते. येऊ द्या, मन घट्ट करून कापा. निरोगी फांद्या चार-पाचच राखायच्या आणि त्या निम्म्यापर्यंत आणायच्या. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर, डोळ्याकडून मागे उतरता, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, एक लिटर पाणी. बोटभर पेस्टसाठी एवढे कशाला, म्हणून शेजाऱ्यांनी एकाच दिवशी छाटणी ठरवली तर सोयीचे पडते, आणि कापलेल्या फांद्यांची अदलाबदलही तिथल्या तिथे होते.

छाटणीनंतर झाडाला दोन-तीन किलो शेणखत, 100 ग्रॅम निंबोळी पेंड, मूठभर राख. मग दर पंधरा दिवसांनी शेंगदाण्याच्या पेंडीचे आंबवलेले पाणी, दसपट पातळ करून. सहा-सात आठवड्यांत फुले येतात. घरी लग्न असो, गावची जत्रा असो की शेजारच्या नाताळाला फुले द्यायची असोत, तारखेपासून सुमारे 45 दिवस मागे मोजा आणि त्या दिवशी छाटा. नाताळासाठी तो दिवस नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतो.

फेब्रुवारीनंतर कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पाने धुरकट, मागे बारीक जाळे. पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारला तर औषध लागत नाही. खाणपट्ट्यात धूळही पानांवर बसते, त्यामुळे तिथे हे दुप्पट गरजेचे. फुलकिड्यांनी कळ्या करपतात, त्या तोडून नष्ट करा आणि संध्याकाळी निंबोळी तेल लिटरला 5 मिली, थोड्या साबणात मिसळून फवारा. फांदीवर पांढरट खवले दिसले तर जुन्या टूथब्रशने घासून काढा.

फांदी लावणे

छाटणीत निघालेली प्रत्येक फांदी लावण्याजोगी नसते. फूल नुकतेच झडलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी शोधा. तिचा काटा अंगठ्याने आडवा दाबा. काटा वाकला तर फांदी कोवळी, कुजेल. फांदीला धरून हलेचना तर ती जून, मुळे फुटायला वेळ लागेल. काटा टचकन तुटून मागे हिरवट, ओलसर डाग राहिला तर फांदी तयार आहे.

सहा ते आठ इंचांचा, तीन-चार डोळ्यांचा तुकडा घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा डोळ्याच्या थोडा वर सपाट. असे केले की उलटा खोवला जाण्याची भीती नाही. सगळी पाने काढा, वर एखादे पान दोन पर्णिकांचे ठेवा. खालच्या टोकाशी इंचभर साल एका बाजूने खरवडा आणि मुळे फुटण्याची पावडर लावा. ती नसेल तर कोरफडीचा गर लावणारे आहेत. त्याने नुकसान काही नाही. बटाट्यात खोवून लावायची युक्ती मात्र सोडून द्या, आपल्या हवेत आधी बटाटा कुजतो आणि मग फांदी.

भिजवून घट्ट पिळलेला काथ्याचा भुसा आणि जाळलेले तूस समसमान घेऊन कुंडीत भरा. आधी काडीने भोक पाडा, नाहीतर पावडर काठाला पुसली जाते. त्यात फांदी दोन डोळे आत जातील अशी ठेवा आणि भोवती दाबा. वर तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी घाला, बूच काढलेले. जागा उजेडाची, पण थेट उन्हाची नव्हे.

दोन-तीन आठवड्यांत कोंब येतात आणि लोक आनंदाने कुंडी बदलायला जातात. तो कोंब फांदीतल्या साठ्यावर आलेला असतो. खाली मूळ असेलच असे नाही. ओढून पाहू नका. सहा ते आठ आठवड्यांनी तळाच्या भोकाशी पांढरी मुळे दिसली, की मगच हलवा. पहिली कळी खुडून टाका. नोव्हेंबर ते जानेवारी हा यासाठी उत्तम काळ. जुलैतही फांद्या फुटतात, पण तेव्हा कुजण्याचे प्रमाण जास्त, त्यामुळे गरजेपेक्षा दुप्पट लावाव्यात.

गुटी आणि दाब

पावसाळ्यात झाड वाटायचे तर गुटी, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळे फोडायची. पेरू-चिकूची बांधता येत असेल तर ही येणारच. आषाढी एकादशीच्या सुमारास, गेल्या वर्षीच्या निरोगी फांदीवर, डोळ्याच्या खाली इंचभर साल गोल काढा. उघड्या लाकडावरचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवडणे महत्त्वाचे, तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. वरच्या कडेला पावडर, भोवती पिळलेला काथ्याचा भुसा मूठभर, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक. वरची गाठ जास्त घट्ट. तिथून पावसाचे पाणी शिरते. चवथीपर्यंत प्लॅस्टिकमधून मुळे दिसू लागतात. मुंबई-पुण्याहून आलेले नातेवाईक ती पाहून हटकून मागतात. तेव्हा दाखवायची, नाव लिहून ठेवायचे, पण हातात द्यायची दिवाळीला. झाडावरून नुकती उतरवलेली गुटी महिनाभर सावलीत, कुंडीत रुळल्याशिवाय प्रवास सोसत नाही.

वेल किंवा लांब फांद्यांचा गुलाब असेल तर यापेक्षाही सोपा दाब: फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत मधला भाग पुरा, खालून थोडी चिरा, वर चिऱ्याचा तुकडा ठेवा आणि विसरून जा. दोन-अडीच महिन्यांनी आईपासून तोडा.

देताना

कोंबांची दुसरी फूट येऊन पाने गडद झाल्यावरच रोप द्या. रोप फुलावर असताना दिले तर घेणाऱ्याला कौतुक, पण झाडाला त्रास. पाने उलटीसुलटी तपासा; ठिपके, जाळी, खवले असतील तर थांबा. मातीत गोगलगायींची पांढरी अंडी नाहीत ना, तेही पाहा, नाहीतर गुलाबाबरोबर पुढचा त्रासही भेट जातो. दह्याच्या डब्याची पट्टी कापून तिच्यावर पेन्सिलीने रंग, जात आणि महिना लिहा. पेनाची शाई एका पावसात जाते.

कुणाला काय दिले याची एक वहीत नोंद असावी. आपले झाड गेल्यावर फांदी मागायला कुठे जायचे, ते तीत सापडते. शक्यतो वेगवेगळ्या हवेत द्या: एक रोप सत्तरी तालुक्याच्या बाजूला, एक फोंड्यात, एक किनाऱ्याकडे. किनाऱ्याकडे किंवा खाजनाजवळ (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीजवळ) देताना घेणाऱ्याला विहिरीच्या पाण्याची चव विचारा. मचूळ पाण्याने पानांच्या कडा करपतात, आणि रोप हळूहळू जाते. तिथे जमिनीतल्यापेक्षा कुंडीतला गुलाब बरा, म्हणजे पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी घालता येते. नळाचे असेल तर रात्रभर बादलीत ठेवून.